ग्राफिक्स ड्रायव्हर यांस अनावृत पत्र

रा. रा. ग्राफिक्स ड्रायव्हरसाहेब यांस,

सा. न. वि. वि.

भाऊबीजेच्या दिवशी आमच्याकडे आपलं येणं झालं नाही. येणार नाही असा निरोपही आला नाही. म्हणून हे पत्र.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा पाठिंबा संपला. माझा प्रोसेसर जुना, त्यामुळे विंडोज 11 च्या प्रवेश परीक्षेत तो नापास. धडधाकट यंत्र भंगारवाल्याला द्यायचं जिवावर आलं, म्हणून मी लिनक्स टाकलं आणि पुढचे नऊ दिवस भेटेल त्या नातेवाइकाला त्यावर व्याख्यान दिलं. फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं, आणि हो, गेमसुद्धा चालतात. शेवटचं वाक्य फोनवर भाच्यासाठी होतं. त्याने ते जळगावला बसून बरोबर लक्षात ठेवलं.

23 तारखेला बहीण आली, ओवाळून झालं, तबकात पाकीट पडलं, आणि भाचा म्हणाला, "मामा, लाव की गेम." मी ऐटीत बटण दाबलं. काळी स्क्रीन. डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती. पाच मिनिटं आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. मग त्याने अतिशय आदराने विचारलं, "मामा, हाच गेम आहे का?"

साहेब, विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालतो त्यामागे केवढी मोठी पंगत आहे, हे मी आपल्याला सांगायला हवं का? 1993 पासून वाइनवाली मंडळी विंडोजचे पदार्थ कृती न बघता, नुसत्या चवीवरून रांधताहेत. गेम डायरेक्टएक्सच्या भाषेत काय मागतो ते डीएक्सव्हीके व्हल्कनच्या भाषेत सांगतं, आणि हे डीएक्सव्हीके सुरू झालं ते एका माणसाला आपला आवडता गेम लिनक्सवर खेळायचा होता म्हणून. 2018 च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हने हा सगळा स्वयंपाक प्रोटॉन नावाने स्टीममध्ये आणून ठेवला. इतक्या लोकांनी वर्षानुवर्षं चुलीपुढे घाम गाळला, पानं मांडली, पाट-रांगोळी केली. आपलं काम एकच, ताटात वाढायचं. आणि नेमका वाढपी गायब!

आपल्या बाकीच्या सवयींबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. कॉम्प्युटर झोपवून उठवला की स्क्रीनवर ठिगळांची गोधडी पसरते, पसरू दे. दुसरा मॉनिटर जोडला की पहिला रुसतो; रुसू दे. जुन्या गेमसाठी आपल्या 32 बिटच्या धाकट्या भावंडांना वेगळं आवतण लागतं, तेही दिलं. मला झोंबलं ते आपलं गप्प बसणं.

कारण काय झालं ते रात्री कळलं. सकाळी आठला मी अपडेट लावलं होतं. लिनक्सचा नवा गाभा, म्हणजे कर्नेल, आला, पण त्याच्या मापाचे आपण आला नाहीत. तसं सांगितलं होतं म्हणे: काही पॅकेजेस मागे ठेवली आहेत, अशी एक ओळ. भराभर पळणाऱ्या ओळींच्या गर्दीतली एक ओळ, आणि तेव्हा माझ्या हातात करंजी होती. शेवटी मात्र सगळं ठीकठाक झाल्यासारखी शांतता. म्हणजे सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत या घरात एकाला पक्कं माहीत होतं की पुढच्या वेळी मशीन सुरू केलं की मामाची शोभा होणार. त्याने तोंड उघडलं नाही.

अरे, बोल की! एक ओळ! "मी या कर्नेलसाठी तयार नाही, आज रीस्टार्ट करू नकोस." एवढं बोलायला काय जातं तुझं? सेकंदाला कोट्यवधी ठिपके रंगवतोस, आणि एक वाक्य स्क्रीनवर लिहिता येत नाही? ती लुकलुकणारी रेघ काय कामाची? काही लिहायचं नव्हतं तर ती पेन्सिल हातात धरून उभा तरी कशाला राहिलास?

असो. कंट्रोल, आल्ट, एफ 3 दाबून मी काळ्या टर्मिनलवर उतरलो. बहिणीला वाटलं, भाऊ हॅकर झाला. रागाच्या भरात मी तुला मुळासकट उपटलं आणि हाताने बांधायच्या प्रकारात तुला परत बसवलं. तू बांधला गेलास, पण दारावर सिक्युअर बूट उभा. "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस." म्हणजे तुझ्या कागदावर ओळखीची सही नाही. सहीची नवी किल्ली तयार केली, पासवर्ड दिला, रीस्टार्ट केलं. आता निळ्या पडद्यावर दहा सेकंदांत एखादं बटण दाबायचं असतं. नेमक्या त्याच दहा सेकंदांत बहीण म्हणाली, "दादा, जेवून घे, बासुंदी गार होतेय." मी मान वळवली. पुन्हा पहिल्यापासून.

यातली खरी गंमत अशी, की काहीच करायची गरज नव्हती. मशीन सुरू होतानाच्या ग्रबच्या यादीत जुना कर्नेल तसाच होता आणि त्याच्यासाठी बांधलेला तूही त्याच्यासोबत सुखरूप होतास, मी उपटेपर्यंत. एक ओळ खाली जाऊन एंटर दाबलं असतं तर भाचा सव्वापाचला शर्यतीत असता. हे मला रात्री साडेबाराला उमगलं. हे बहिणीला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. गप्प बसायची तुला सवय आहेच.

त्याच वेळी मी कर्नेलचा लॉग वाचत बसलो होतो, आणि तिथे तुझ्याबद्दलची नोंद सापडली. तू आत पाऊल टाकलंस की कर्नेल लिहून ठेवतो: या मॉड्यूलच्या लायसन्समुळे कर्नेल बाटला. दरवेळी. मशीन सुरू झालं की दरवेळी. इतकं कडक सोवळं तर आमच्या पणजीच्या स्वयंपाकघरातही नव्हतं. बरं, हे सोवळं उगाच नाही. तुझ्या आतलं तुझ्या कंपनीबाहेर कुणालाच वाचता येत नाही, मग कुठे काही बिघडलं तर ते कुणी शोधायचं? दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नेल येतो, आतल्या दारांची मापं बदलतात, आणि बदलणार असं त्यांनी लेखी सांगून ठेवलंय. जे ड्रायव्हर कर्नेलच्या घरात राहतात, त्यांची बिजागरी दार बदलणाराच नीट करून देतो. तू बाहेरचा. तुझी कृती तुझ्या कंपनीने कुलपात ठेवलेली. तिथे दार बदलल्याचं तुलाही डोकं आपटल्यावरच कळत असणार. घरात घेत नाहीत आणि मालक बाहेर बोलू देत नाही, अशा माणसाने संध्याकाळी पाचला पंगतीत येऊन काय सांगायचं?

तर ते जाऊ दे. रात्री एक वाजता तू आलास. स्टीमने व्हल्कन शेडर बनवायला घेतले, तीन टक्के, चार टक्के. भाचा सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपला होता. सकाळी तो वीस मिनिटं खेळला, दोनदा पहिला आला, मग त्यांच्या बसची वेळ झाली.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, मॉड्यूल असावे, ही विनंती.

आपला,
भाच्याचा मामा

ता. क. : हे लिहीत असताना कोपऱ्यात चौकट आली आहे, 31 अपडेट तयार आहेत. त्यात कर्नेल आहे. तू आहेस की नाही, ते यादी दोनदा वाचूनही कळलं नाही. तुळशीच्या लग्नाला बहीण पुन्हा येणार आहे, तोवर मी त्या चौकटीला हात लावत नाही.