डांबसाहेब, जमिनीत जाऊ नका

प्रति,
माननीय डांबसाहेब,
आमच्या दुकानासमोर, गटारीच्या अलीकडे,
मु. पो. वेळापूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर

स. न. वि. वि.

आपल्याला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. एरवी आपला आमचा व्यवहार समोरासमोरचा. सकाळी शटर वर करतो तेव्हा आपण पुढ्यात, रात्री खाली ओढतो तेव्हाही पुढ्यात. पण परवापासून पारावर बोलणं चाललंय की पेठेतल्या लाइटच्या तारा भूमिगत होणार. म्हणजे तारा जमिनीत आणि आपण भंगारात. कुणी म्हणतं मंजूर झालंय, कुणी म्हणतं नुसतीच मागणी आहे, एकाच्या मेहुण्याने तर केबलचे ड्रमसुद्धा पाहिलेत. म्हटलं, निरोप समारंभात नारळ देण्यापेक्षा आधीच हात जोडावेत. साहेब, जाऊ नका.

आपल्याबद्दल लोक वाटेल ते बोलतात. वाकडे झालात म्हणतात. उसाच्या ट्रॉलीने मागून धक्का दिल्यावर कोण सरळ राहतं? आपल्या छातीवर कवटीची पाटी आहे, तिच्या बरोबर खाली दहावी-बारावीच्या क्लासची पत्र्याची जाहिरात आहे, त्यामुळे दोन्ही एकाच संस्थेच्या वाटतात, हा काही आपला दोष नव्हे. कमरेला इंटरनेटवाल्यांनी काळ्या वायरीची वेटोळी अडकवलीत. त्यातलं एक चालू आहे, बाकीची कुणाची ते अडकवणाऱ्यांनाही आठवत नसेल. ताणाच्या तारेला शेजाऱ्यांची शेळी. एवढ्या जबाबदाऱ्या सांभाळून आपण लाइटही देता, बऱ्याचदा.

आपण गेलात तर आषाढात आमचं कसं व्हायचं? माउलींची पालखी मुक्कामाला येते. इथूनच तुकोबांना विठ्ठलाच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून वारकरी अजून इथे धावा करतात. आता त्या दिशेला मान वर केली की आधी आपण दिसता, मग आपल्या तारा, मग त्यांवरचे कावळे. कळसाचं पुढे बघू. पण खरी भक्ती पाहायची तर दिंडीचा ट्रक आमच्या कोपऱ्यावर वळतो तेव्हा पाहावी. ताडपत्रीच्या वर तंबूचे बांबू, पातेली, आणि सगळ्यांत वर एक पोरगा, हातात बेळकं. तार खाली आलेली. बेळक्यात तार धरून तो वर उचलतो, किन्नर दारावर थापा मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो, खाली डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया एकदम गप्प होतात. लाइट बंद केलेली असणार असं सगळेच धरून चालतात. मागच्या वेळी तार ताडपत्रीच्या कडेवरून सर्रकन घसरली आणि झोक्यासारखी हलत राहिली. पोराने बेळकं खाली ठेवून आधी गळ्यातली माळ चाचपली. मी विचारलं, ‘बांबू कोरडा हुता का रं?’ म्हणाला, ‘पाऊस थांबलाय की कवाच.’

हे सगळं घालवून आम्ही काय मिळवणार? एक सरळ रस्ता?

तारा खाली का येतात तेही लोक समजून घेत नाहीत. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हाने ॲल्युमिनियमची तार पसरते, तिची लांबी वाढते आणि ती झोळ धरते. दुपारी दोनला माणूसही झोळ धरतो, त्याला कुणी भूमिगत करायला निघत नाही.

बाहेरच्या उदाहरणांनी आपण घाबरून जाऊ नये म्हणून तीही आधीच सांगून टाकतो. न्यूयॉर्कला १८८२ साली एडिसनने वीज द्यायला सुरुवात केली तीच जमिनीखालून. बाकीच्या कंपन्यांनी मात्र वरून एवढ्या तारा ओढल्या की आभाळ दिसेना. १८८८च्या मार्चमध्ये हिमवादळाने डांब आडवे केले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात एक लाइनमन भर बाजारात तारांच्या जाळ्यात अडकून जळाला, खाली गर्दी बघत होती. मग महापौरांनी कुऱ्हाडी देऊन माणसं पाठवली आणि आपले पूर्वज तोडले. मुंबईच्या शहर भागात वीज पूर्वीपासून जमिनीखालून जाते. काशीला जुन्या गल्ल्यांतल्या तारा काही वर्षांपूर्वी खाली नेल्या, सोळा चौरस किलोमीटरात. विश्वनाथाला एक न्याय आणि विठ्ठलाच्या वाटेला दुसरा का, असं आमच्याकडचे काही जण म्हणतात. त्यांना म्हणावं, टोकियोला जाऊन या. जपानने २०१६ साली डांब हटवायचा कायदा केला, तरी टोकियोत आपले बहुतेक भाऊबंद अजून ताठ उभे आहेत. आपल्याकडे कोकणात ‘निसर्ग’ वादळाने ३ जून २०२० रोजी हजारोंनी डांब पाडले, पण त्यातले पुष्कळ पुन्हा उभे राहिलेच की.

आणि माणसांचं सोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली राजस्थान-गुजरातेत तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं ते माळढोकासाठी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही, आणि तो तारेवर आदळून मरतो. आपल्याच जिल्ह्यात नान्नजला त्याच्या नावाचं अभयारण्य आहे, म्हणून मी बातमी जपून ठेवली होती. २०२४ साली तो आदेशही सैल झाला, खर्च आणि अडचणी बघून समिती नेमली. माळढोकाची ही तऱ्हा, तर समोरचं न दिसणारे, अंगाने जड आणि ऐनवेळी न वळणारे आम्ही दुकानदार कुठे न्यायालयात जाणार?

खर्चाचं मी बोलत नाही. जमिनीखालची लाइन वरच्यापेक्षा कित्येक पटींनी महाग पडते, हे वायरमनलाही ठाऊक आहे. माझी भीती वेगळीच आहे. साहेब, आपण वर आहात तोवर दिसता. तार तुटली की पोरं ओरडत येतात, ‘तुटली, तुटली!’ कुठे तुटली ते शेंबडं पोरही बोट करून दाखवतं. एकदा का ती तीन फूट खाली गेली, की कुठे बिघडली ते शोधायला यंत्र घेऊन गाडी यायची. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात वीतवीत भेगा, पावसात फुगून वर. केबलचा सांधा किती दिवस कोरडा राहील? नियमाने केबलखाली वाळू, वर वाळू, त्यावर विटांचा थर घालायचा असतो, म्हणजे पुढे कुणी खणलं तर टिकाव आधी विटेला लागतो आणि माणूस थांबतो. वीट दिसली की थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. वीट दिसली की ती घरी नेणारे पाहिलेत.

माझ्या दुकानापुढे जमिनीत आत्ता काय काय आहे, ते एकदा तपासून झालंय. गटारीसाठी जेसीबी आला, त्याने नळाची पाइप तोडली. नळवाले आले, त्यांनी फोनची केबल तोडली. फोनवाल्यांनी खणलं तेव्हा आणखी एक जुनी लोखंडी पाइप निघाली, ती कुणाचीच नव्हती. तिच्यातून पाणी मात्र आलं, दोन दिवस, बऱ्यापैकी स्वच्छ. चौकशी केली तर सगळ्यांनी हात वर केले. नकाशा आहे का विचारलं, तर म्हणाले, पूर्वी होता.

नकाशा आमच्याकडे होता, साहेब. नळ घेतला तेव्हा वडिलांनी दुकानाच्या आतल्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने लिहून ठेवलं होतं, ‘नळ उंबऱ्यापासून ३ हात, खोल २ हात’, खाली बाण. गटारीच्या वेळी जेसीबीवाल्याला ते दाखवायला आत नेलं आणि भिंत पांढरीशुभ्र. आदल्या दिवाळीला मीच डिस्टेंपर मारून घेतला होता.

याच गावात अर्धनारी नटेश्वराचं देऊळ आहे, आणि यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातले, सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे मराठी शिलालेख आहेत. राजा कोण, शक कोणता, काम कुणी केलं, हे त्या माणसांनी दगडात खोदून ठेवलं. ऊन, पाऊस, सुलतान, तेलाची पुटं, सगळ्यातून अक्षरं आजवर टिकली. माझ्या दुकानापुढचा चर कुणी खणला आणि त्यात काय टाकलं, याची मात्र कागदाची चिटोरीही सापडत नाही. म्हणून सुचवतो: तारा न्यायच्याच असतील तर रस्त्याच्या कडेला दर पन्नास हातांवर एक दगड बसवावा. काय पुरलं, किती खोल, कोणत्या साली, कुणी. जुन्या काळी दानलेखाच्या खाली, शब्द मोडणाऱ्यासाठी, गाढवाचं एक चित्र कोरत. ते सभ्य माणसाला नीट वर्णन करून सांगता येत नाही, पण वाचता न येणाऱ्यालाही लगेच समजतं. न विचारता खणणाऱ्यासाठी तेवढं चित्र तसंच ठेवावं. दगडाचा खर्च मी करतो, गाढवाचा वर्गणीतून.

हे व्हायचं नाही, म्हणून आपणच राहा. वाकडे राहा, पण राहा.

आपला,
समोरचा किराणा दुकानदार

ता. क. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, ते पुन्हा काढून लिहितो आहे. काल दुपारी दोघे जण आले आणि चुन्याची फक्की टाकत माझ्या पायरीपासून थेट आपल्या बुडापर्यंत एक सरळ रेघ मारून गेले. मी विचारलं, ‘कशाची हो?’ एक म्हणाला, ‘लाइटची असंल.’ दुसरा म्हणाला, ‘पाण्याची बी असंल. आम्हाला रेघ मारायला सांगितलीया.’ रात्री पावसाची एक सर येऊन गेली. सकाळी शटर वर केलं तेव्हा रेघ नव्हती.