जुन्या मोटारीच्या सुट्या भागांची विल्हेवाट : तंजावरातील मराठी घरांसाठी

गाडीत न बसवलेला आणि ज्याची गाडीही आता घरात उरलेली नाही, अशा भागाला या मार्गदर्शनात उरलेला सुटा भाग म्हटले आहे. गाडी असेल तर तो स्पेअर. तो डिकीत राहतो आणि त्याच्याविषयी कोणी विचारत नाही. गाडी गेली की तो जिन्याखाली येतो आणि घरातल्या सगळ्यांना त्याच्याविषयी मत असते.

राजघराण्याचा या मालाशी संबंध जोडू नये. सर्फोजीराजे दुसरे 1832 साली वारले, संस्थान 1855 साली खालसा झाले आणि कार्ल बेंझच्या मोटारीला पेटंट मिळाले ते 1886 साली. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याची साद्यंत हकीकत मराठीत कोरलेली आहे. तिच्यात मोटार नाही. तेव्हा गंजक्या हेडलाइटला ‘वाड्यातला’ म्हणून चढा भाव मागणे इतिहासाला धरून होत नाही.

कायद्याचा आधारही मर्यादितच आहे. 2021 च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. 1980 सालची फियाट त्यामुळे 2030 पर्यंत नुसती जुनी राहते. सुट्या गिअरबॉक्सला कोणताच नंबर मिळत नाही.

पहिले काम ओळख पटवण्याचे, आणि खरे काम एवढेच. कावेरीच्या खोऱ्यातले मिरासदार, डॉक्टर आणि वकील ज्या गाड्या वापरत त्यांत तीन मुख्य : उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट (पुढे प्रीमिअर पद्मिनी) आणि खुद्द मद्रासेत बनणारी स्टँडर्ड हेराल्ड. इंजिने अनुक्रमे 1489, 1089 आणि 948 सीसीची. पिस्टन हातात घेऊन व्यास मोजला की निम्मे भांडण मिटते. उरलेले निम्मे पान्याने मिटवावे. अँबॅसडरचे नटबोल्ट इंचातले, फियाटचे मिलिमीटरमधले. अर्धा इंची नटावर 13 मिलिमीटरचा पाना चढतो, किंचित हलतो, आणि जोर लावला की नटाचे कोपरे झिजवून मोकळा होतो. असा गोल झालेला नट डब्यात सापडला तर पूर्वी कोणीतरी ओळख चुकवली होती एवढे नक्की समजावे. हेराल्डचे बॉनेट ओळखायला पाना लागत नाही. मडगार्डांसकट गाडीचा अख्खा पुढचा भाग एकाच तुकड्यात उघडत असल्याने ते जिन्याखाली मावत नाही. ते गच्चीवर असते आणि त्यावर वडाम वाळत घातलेले असतात.

ओळख पटली की चिठ्ठी बांधावी : गाडी, साल, पार्ट नंबर. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या कागदांचे अनुकरण करून चिठ्ठी मोडीत लिहू नये, वाचणारे मिळत नाहीत. चिठ्ठी नसलेल्या मालाला बाजारात नाव नसते, आणि बाजाराचा सगळा हिशेब नावावर चालतो. चेन्नईच्या पुदुपेट्टै बाजारात माल वजनावर घेतात आणि नावाने विकतात. मधला फरक म्हणजे ही चिठ्ठी.

मग प्रकृती पाहावी. मेणकागदात गुंडाळलेले, न उघडलेले बेअरिंग सर्वांत मोलाचे. आत काय आहे ते पाहण्यासाठी कागद फाडू नये. रबराचे होज, सील आणि माउंटिंग न वापरताही कडक होतात आणि तडकतात. त्यांच्याविषयी ममता बाळगणे व्यर्थ. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, म्हणून त्यावरची धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कार्बुरेटरच्या जेटचे पितळ पाहून घरात कोणाला तरी नाच्चियारकोविलच्या समईची आठवण होते. पाच-सहा जेटच्या पितळात समई तर सोडाच, तिच्यावरचा हंसही होत नाही.

निर्णयाची मुदत पंचांगावरून ठरते. नवरात्रात कोलूच्या पायऱ्या मांडल्या जातात, आणि खालच्या पायरीवर दुकान मांडून बसलेल्या चेट्टियारच्या बाहुलीमागे डायनामो ठेवण्याची टूम निघते. त्याला हरकत नाही. मात्र आयुधपूजेच्या दिवशी डायनामोला गंधकुंकू लागले की निदान वर्षभर तो भंगारात देता येत नाही, कारण पूजा झालेली वस्तू कायलान कडैत, म्हणजे भंगाराच्या दुकानात, कशी द्यायची, हा आजीचा प्रश्न कोणत्याही कायद्यापेक्षा भारी असतो. विकायचे असेल तर नवरात्रापूर्वी विकावे. नंतर ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. त्या दोन-अडीच महिन्यांत निर्णय होत नाही, फक्त गंज वाढतो. कमानपाट्यांना मात्र बारा महिने गिऱ्हाईक असते, लोहार त्यांचे अरिवाळ आणि कोयते करतो.

पोंगलच्या आदल्या दिवशी भोगी. तमिळ शेजारी त्या दिवशी जुने सामान काढून जाळतात. मराठी घरात त्याच दिवशी भोगीची भाजी. दोन्ही रिवाज पाळणाऱ्या घरांना विल्हेवाटीचा हा एकमेव अधिकृत दिवस मिळतो, पण त्याचा उपयोग बेताचाच. लोखंड जळत नाही, आणि टायर-ट्यूब जाळू नका असे तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळ दरवर्षी बजावते. राहता राहिली पुठ्ठ्याची खोकी. पहाटे ती जाळली जातात, त्यांच्याबरोबर, न बांधता आत ठेवलेल्या चिठ्ठ्याही जातात, आणि बाकीचा माल कोणाचेही मन न मोडता किलोच्या भावाने देण्याजोगा होतो.