रांग मोडली म्हणून, रांग धरली म्हणून

इंग्रजांच्या आरमाराचा विषय निघाला की सगळ्यांना नेल्सन आठवतो. एक हात, एक डोळा आणि लंडनच्या भर चौकात उंच खांब. माझा जीव मात्र टॉमस मॅथ्यूजवर. त्याच्यासाठी कोणी खांब उभारला नाही. उभारला असता तरी मॅथ्यूज त्या खांबाशी भांडलाच असता, असा त्याचा एकूण स्वभाव.

हा गृहस्थ १७२१ साली चार लढाऊ जहाजं घेऊन मुंबईत दाखल झाला. मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकी नऊ आणले होते. खांदेरीवर आणि विजयदुर्गावर हात पोळून घेतलेले गव्हर्नर चार्ल्स बून साहेब आता खुद्द राजाच्या आरमाराची वाट बघत होते. ते आलं, गोव्याहून पोर्तुगीजही आले आणि डिसेंबरात ही सगळी वरात अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासमोर येऊन थडकली.

हल्ल्याच्या दिवशी सकाळी पोर्तुगीज व्हाइसरॉयची प्रकृती बिघडली आणि ते विश्रांतीसाठी जहाजावर गेले. नेमकी कामाच्या दिवशी बिघडणारी प्रकृती आपल्याकडच्या कुठल्याही हेडक्लार्कने बरोबर ओळखली असती. पण व्हाइसरॉयकडे डॉक्टरचं सर्टिफिकेट मागणार कोण? इकडे किनाऱ्यावर एका मराठा स्वाराने घोडा दामटत येऊन मॅथ्यूजच्या मांडीत भाला खुपसला. दुसरा कोणी असता तर मलमपट्टी करून घेतली असती. मॅथ्यूज त्या स्वाराच्या पाठी लागला. पिस्तूल झाडलं, तर ते उडेना. तेवढ्यात मराठा सरदार पिलाजी जाधवांचे घोडेस्वार पोर्तुगीजांच्या फळीवर आले, पोर्तुगीज पांगले, त्यांच्यामागे इंग्रजही निघाले आणि मोहीम तिथेच आटोपली.

यापुढचा प्रसंग त्या मोहिमेत असलेल्या क्लेमेंट डाउनिंग नावाच्या दर्यावर्द्याने लिहून ठेवलाय, आणि तो मी कितीही वेळा वाचू शकतो. संतापलेला मॅथ्यूज पोर्तुगीज सेनापतीवर धावून गेला आणि हातातली काठी त्याने सरळ त्या सेनापतीच्या तोंडात खुपसली. व्हाइसरॉयचीही त्याने फारशी वेगळी गत केली नाही. दोस्तराष्ट्रांमधल्या चर्चा हल्ली फारच सपक होतात, असं मला ते वाचून नेहमी वाटतं. पुढे काय होणार हे उघड होतं. तरुण पेशवा बाजीराव जवळच होता. पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून १७२२ च्या जानेवारीत मराठ्यांशी परस्पर तह करून टाकला.

मॅथ्यूज मायदेशी परतला आणि पुढे ॲडमिरल झाला. १७४४ साली फ्रान्सच्या तुलाँ बंदराबाहेर फ्रेंच आणि स्पॅनिश आरमार त्याच्यासमोर उभं राहिलं. त्या काळी जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असत, म्हणून जहाजांनी एकामागे एक रांग धरायची आणि शत्रूला कूस दाखवायची, असा दंडक होता. रांग मोडणं म्हणजे पापच. पण शत्रू निसटू लागला आणि मॅथ्यूजला कुठे धीर धरवतोय? रांग सोडून तो स्पॅनिश जहाजांवर तुटून पडला. घोळ एवढाच झाला की ‘रांग धरा’ हे निशाण उतरवायचं राहिलं आणि ‘भिडा’ हे दुसरं निशाणही वर चढलं.

पिछाडीला होता व्हाइस ॲडमिरल लेस्टॉक. त्याचं आणि मॅथ्यूजचं विळ्याभोपळ्याचं सख्य. दोन निशाणांपैकी सोयीचं कुठलं, हे त्याने शांतपणे ठरवलं आणि तो रांगेत राहिला, म्हणजे लांब राहिला. एडवर्ड हॉक नावाच्या एका कप्तानाने मात्र रांगबिंग न बघता ‘पोदेर’ हे स्पॅनिश जहाज पाडाव केलं. त्या दिवसाची कमाई तेवढीच.

पुढे कोर्टमार्शलं झाली. लांब राहिलेला लेस्टॉक निर्दोष सुटला, कारण रांगेचं निशाण वर होतंच. लढलेला मॅथ्यूज १७४७ साली बडतर्फ झाला, कारण त्याने रांग मोडली. कागद चोख, निकाल चोख! आणि न्याय देणाऱ्या मंडळात बसला होता जॉन बिंग नावाचा अधिकारी. त्याने हा धडा अगदी मनावर घेतला.

१७५६ चा फेब्रुवारी. इकडे इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हने पेशव्यांच्या साथीने कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. तिकडे मे महिन्यात बिंग भूमध्य समुद्रात मिनोर्का बेट वाचवायला गेला. फ्रेंचांशी गाठ पडली, पुढची जहाजं मार खाऊ लागली. रांग मोडून सरळ अंगावर जाऊ या, असं त्याच्या कप्तानाने सुचवलं. बिंगने मॅथ्यूजची आठवण करून दिली आणि आधी रांग नीट लावायला घेतली. रांग लागेपर्यंत फ्रेंच निघून गेले. बिंग जिब्राल्टरला परतला, जूनअखेर मिनोर्काही गेलं.

लोक खवळले. मंत्र्यांना कोणीतरी दोषी हवाच होता. तुलाँच्या फजितीनंतर १७४९ साली कायदा कडक केलेला: शिकस्त केली नाही तर देहदंड, दुसरी शिक्षाच नाही. कोर्टाने निकाल दिला की बिंग भित्रा नाही, फितूर नाही, पण शिकस्त केली नाही. शिवाय दयेची शिफारस केली. राजा दुसऱ्या जॉर्जने ती मानली नाही. १४ मार्च १७५७ रोजी पोर्टस्मथला ‘मोनार्क’ जहाजाच्या डेकवर बिंग उशीवर गुडघे टेकून बसला, हातातला रुमाल त्याने स्वतःच खाली टाकला आणि नौसैनिकांनी गोळ्या झाडल्या.

त्याच्या जागी भूमध्य समुद्रात कोणाला पाठवलं होतं? हॉकला. तोच, रांग मोडून जहाज पकडणारा. तीनच वर्षांनी, १७५९ साली, क्विबेरॉनच्या उपसागरात भर वादळात त्याने फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडवला, तेव्हा कोणी निशाणाचा हिशेब मागितला नाही.

बेडफर्डशरमधल्या साउथहिल गावच्या देवळात बिंगचं दफन झालं. तिथल्या शिळेवर घरच्यांनी या प्रकाराला सार्वजनिक न्यायाची कायमची नाचक्की म्हटलंय. २००७ साली वंशजांनी त्याला मरणोत्तर माफी मिळावी म्हणून अर्ज केला. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने तो नामंजूर केला.