सापात जास्त कणीक
नातीच्या बालवाडीतून सूचना आली: रंगीत ‘डो’ आणून मुलांना घरच्या घरी विज्ञान शिकवा. सून लगेच फ्रीगंजच्या बाजाराला निघाली. परातीत बाफल्यांचं, म्हणजे उकडून खायच्या कणकेच्या गोळ्यांचं, जाडसर पीठ भिजवत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी फक्त विचारलं, “मग हे काय आहे?”

प्रश्न रास्त होता. ‘प्ले-डो’ मुळात अमेरिकेत भिंतीच्या कागदावरची कोळशाची काजळी पुसायचा लगदा. घराघरातला कोळसा गेला, धंदा बसला, तेव्हा १९५६च्या सुमारास तो मुलांच्या हाती दिला गेला. त्यातही मुख्य माल पीठ, पाणी आणि मीठच.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी मुलांपुढे मातीचे दोन सारखे गोळे ठेवले, एक वळून लांब केला आणि विचारलं, आता माती कशात जास्त? सहा-सात वर्षांच्या आतली बरीच मुलं लांबट्याकडे बोट दाखवतात. मी तेच कणकेवर केलं, एका गोळ्याचा साप वळला.

“सापात जास्त आहे, आबा. दिसत नाही का?”

मी सापाचा पुन्हा गोळा केला. “आणि आता?”

“आता सारखे. तुम्ही सापातली कमी केली ना!”

पियाजेंनी यावर ग्रंथ लिहिले. आजी याच शोधावर एका बाफल्याचे दोन तुकडे करून ‘घे, दोन बाफले’ म्हणते आणि जेवण उरकते.

बाफले उकळत्या पाण्यात सोडले की तळ गाठतात, शिजले की वर येतात. नात स्टुलावर उभी. “वर का आले?” मी घनतेला हात घातला: आत वाफ धरते, आकार फुगतो, वजन मात्र फारसं वाढत नाही. आजी म्हणाली, “शिजले म्हणून.” नातीने दोघांनाही बाद केलं. “गरम होतंय म्हणून बाहेर यायला बघतायत.” उज्जैनच्या उन्हाळ्यात हे खोडून कोण काढणार?

कर्कवृत्त आम्हाला अगदी खेटून. २१ जूनच्या सुमारास सवाई जयसिंहांच्या वेधशाळेत शंकूची सावली भर दुपारी जवळजवळ नाहीशी होते, ते पाहायला लोक जमतात. नातीने गच्चीतच कणकेच्या गोळ्यात उदबत्तीची काडी खोचून आपली वेधशाळा उभारली. महाकालाच्या कृपेने ढग नव्हते. साडेबाराच्या सुमारास सावली गेली. मी पृथ्वीचा कललेला अक्ष समजावायला संत्रं आणायला खाली उतरलो, परत येतो तर काडी आडवी आणि गोळाही गायब. कठड्यावर खार मिशा पुसत होती.

“सावलीपण तिनेच खाल्ली,” नात म्हणाली, आणि माझ्या हातातलं संत्रं सोलायला घेतलं.