येणे बाकी

नोव्हेंबर उजाडला की पुण्यातल्या बँकांमध्ये जिवंत माणसांची गर्दी उसळते. एरवीही तिथे येणारे जिवंतच असतात, पण ते सिद्ध करायची सक्ती त्यांच्यावर नसते. पेन्शनरांना मात्र या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी पासबुक भरून घ्यायला गेलो होतो. बाकावर एका टोकाला जागा दिसली. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांना म्हटलं, "आजोबा, जरा सरकता का?"

"काका म्हणा," ते न सरकता म्हणाले. "आत्ता अठ्ठ्याऐंशी आहे. नव्वदीला चाळीस टक्के सुरू होतील, मग आजोबा म्हणा."

कसले चाळीस टक्के, हे मला कळलं नाही. काटकुळी, ताठ मूर्ती, बुशशर्टाच्या खिशाला दोन पेनं, मांडीवर नाडीची फाइल. पन्नाशी उलटलेल्या माणसाला असा म्हातारा दिसला की राहवत नाही. तो हटकून विचारतो, तसं मीही विचारलं, "काका, प्रकृती छान ठेवलीयत. खाण्यात काय असतं?" माझी अपेक्षा लसणाची पाकळी, पहाटेचं फिरणं, फार तर तांब्याच्या भांड्यातलं पाणी, एवढीच होती.

"खाण्याचा काय संबंध?" ते खेकसले. "मला सरकारकडून येणं आहे!"

आणि त्यांनी फाइलची नाडी सोडली.

"१९५७ ला टपाल खात्यात चिकटलो. ९५ ला अठ्ठावन्न भरली, घरी बसलो. नोकरी झाली ३८ वर्षं. पेन्शनला धरली किती? ३३! त्याच्या वर तेव्हा धरतच नव्हते. म्हणजे पाच वर्षं मी काय केलं?" उत्तरादाखल त्यांनी उजव्या हाताची मूठ फाइलवर दोनदा आपटली. एकदा शाईच्या पॅडवर, एकदा पाकिटावर. शिक्के. फुकट.

तेव्हापासून त्यांची वसुली चालू आहे. निवृत्त होताना त्यांनी एक तृतीयांश पेन्शन विकली होती. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. "खात्याला वाटलं असणार, हा कुठला त्र्याहत्तरीला पोचतोय! २०१० साली जाऊन उभा राहिलो. म्हटलं, पोचलो."

मग सहावा वेतन आयोग त्यांच्या मदतीला धावला. केंद्राच्या पेन्शनराला ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला थेट १००, म्हणजे दुप्पट. हा तक्ता त्यांनी कागदावर काढून ठेवला होता. पहिल्या दोन ओळींसमोर हिरव्या शाईची टिकमार्क होती. माझं तर मत झालं की आहारतज्ज्ञांनी हा तक्ता दवाखान्यात लावावा. चालल्याने रक्तदाब कमी होतो म्हटलं की माणूस उद्यापासून चालायचं ठरवतो. टक्के म्हटलं की हा गृहस्थ जिने चढतो.

"नोकरी ३८, पेन्शन आत्ता ३०. अजून आठ वर्षं ओढली की बरोबरी. तेव्हा मी शहाण्णवचा असेन. त्याच्यापुढचा सगळा नफा."

"ऐंशीच्या वरच्यांना दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो ना?" मी कुठेतरी वाचलेलं ज्ञान पाजळलं.

"येतो. पण ऑक्टोबरात भेटतं कोण? नोव्हेंबरात सगळे येतात. हजेरी कळते." त्यांनी बँकेभर नजर फिरवली आणि मनाशी दोन बोटं मिटली.

खात्यावर मात्र त्यांचा राग नव्हता. दया होती. "तार बंद झाली २०१३ ला. रजिस्टर पोस्ट २०२५ ला स्पीड पोस्टात घातलं. मी लागलो तेव्हा ती दोन्ही कायम होती आणि मी टेंपररी."

घरूनही सहकार्य उत्तम. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी, त्यांच्यामागे बायकोला फॅमिली पेन्शन मात्र पगाराच्या ३० टक्के. हा फरक काकूंना कळला, त्या दिवसापासून त्या काकांना एकटं रस्ता ओलांडू देत नाहीत. आत्ताही त्या दाराशी पिशवी धरून पहाऱ्याला बसल्या होत्या.

मग आवाज खाली आणून त्यांनी मला फ्रान्सच्या जान कालमां या बाईंची गोष्ट सांगितली. एरवी लोक संतचरित्र ज्या सुरात सांगतात, त्या सुरात. बाई नव्वदीच्या असताना एका वकिलानं त्यांच्याशी करार केला. त्यानं दरमहा अडीच हजार फ्रँक द्यायचे, बाई गेल्या की घर त्याचं. वकील सत्तेचाळीसचा. हिशेब सोपा होता. बाई १२२ वर्षं जगल्या. वकील सत्त्याहत्तराव्या वर्षी गेला, घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त भरून. त्याच्यामागे त्याच्या बायकोनं हप्ते चालू ठेवले. "वकील गेला १९९५ साली," काका म्हणाले. "मी रिटायर झालो तेच साल." पुढचं ते बोलले नाहीत, पण वारसा कुणाकडून कुणाकडे आला ते मला समजलं.

एवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. आधी अंगठा. तो यंत्रात उमटेना. रेषा शिक्क्यांनी झिजवल्या, असं काकांनी तिथेही नोंदवून ठेवलं. मग काउंटरवरच्या मुलीनं मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. "काका, डोळे मिचकवा."

काकांनी एक डोळा मिचकावला.

मुलगी लाजली. मोबाइलवर ढिम्म परिणाम नाही. "दोन्ही, काका." दाराशी काकू उठून उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे दोन्ही डोळे एकदम मिटून उघडले आणि हिंदुस्थान सरकारनं ते जिवंत असल्याचं मान्य केलं. मेसेज येईल म्हटल्यावर काका हलेनात. त्यांना कागदी पोच हवी होती. मुलगी प्रिंट काढायला आत गेली.

तेवढ्या वेळात त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "तुम्ही कुठे?"

"खाजगी कंपनीत."

"पेन्शन?"

"नाही."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पोट, चष्मा, हातातली साखरविरहित बिस्किटांची पुडी.

"मग कशाला हाल करून घेता जिवाचे?" ते अगदी मायेनं म्हणाले. "तेलकट-तुपकट सगळं खाऊन घ्या."