पार्क फेसिंग मुक्काम

शिवाजी पार्कभोवतीच्या बुटक्या, गोलाकार बाल्कन्यांच्या इमारती पाडून टॉवर उठू लागले, तेव्हा एवढे महाग फ्लॅट घेऊन त्यात राहणार कोण, अशी चिंता दादरकरांना लागली होती. ती मिटली. काही फ्लॅटांत कुणी राहतच नाही. पाहुणे येतात, चार रात्री उतरतात आणि जातात. आत इटालियन मार्बल, कॉफीचं मशीन आणि भिंतीवर फ्रेम केलेला पैठणीचा पदर, म्हणजे आपण महाराष्ट्रात आलोय याबद्दल पाहुण्याच्या मनात शंका नको. भाडं मात्र खरं तर खिडकीचं. त्या खिडकीतून जे दिसतं ते महापालिकेचं, १९२५ सालापासून सगळ्यांना खुलं. पण हे माहितीपत्रकात छापत नाहीत.

इतिहास छापतात. आधीचं माहीम पार्क, १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने शिवाजी पार्क झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथल्या, शिवसेनेचा १९६६ चा पहिला मेळावा इथला, आचरेकर सरांच्या नेटमध्ये घडलेला सचिनही इथला. पाहुणा हे वाचून भारावतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तक्रार करतो, की खाली पोरं फार बोंबलतात. ती पोरं अपील करत असतात हो! पुढचा सचिन काय तोंडात रुमाल कोंबून घडणार? शेवटी काचा दुहेरी बसवल्या जातात. मैदानातली लाल माती मात्र त्यातूनही आत येते. रहिवासी वर्षानुवर्षं तिच्या बंदोबस्तासाठी पालिकेच्या पायऱ्या झिजवतायत. पाहुण्याला एअर प्युरिफायर मिळतो, तोही ‘कॉम्प्लिमेंटरी’.

माहितीपत्रकातल्या शांततेच्या आश्वासनाला तर कायद्याचा आधारही मिळाला होता. २०१० साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने पार्क शांतता क्षेत्र झालं. मग सरकारने खेळाखेरीज इतर कार्यक्रमांसाठी वर्षातले ४५ दिवस काढून दिले. त्यातला एखादा दिवस नेमका पाहुण्याच्या वाट्याला आला, की टॅक्सी लांबच थांबते आणि चाकांची बॅग झेंड्यांच्या गर्दीतून ओढत आणावी लागते. दसऱ्याला मेळाव्याच्या या गर्दीला ‘अस्सल स्थानिक अनुभव’ म्हणतात आणि बाल्कनीचा दर वाढवतात.

६ डिसेंबरच्या आसपास मात्र तीच गर्दी अचानक ‘गैरसोय’ होते. चैत्यभूमीवर बाबासाहेबांना वंदन करायला आलेली माणसं लाखोंनी याच मैदानात, पालिकेच्या मंडपांत मुक्काम करतात. पार्कासमोर नव्हे, थेट पार्कात! पत्ता टॉवरपेक्षा सरस आणि भाडं शून्य. पुस्तकांचे स्टॉल तर असे, की गावाकडून आलेला माणूस पदरचे पैसे मोडून पिशवी भरून पुस्तकं नेतो. वरच्या फ्लॅटमध्येही पुस्तकं आहेत. मुखपृष्ठांच्या रंगांनुसार लावलेली, सोफ्याला मॅचिंग. तरी त्या आठवड्यात बुकिंगवाले पाहुण्यांना तारखा पुढे ढकलायचा सल्ला देतात.

आणि कट्टा? मैदानाभोवतीचा साधारण बाराशे मीटरचा हा कट्टा कुठल्याही पॅकेजात बसलेला नाही. पाहुणा संध्याकाळी रेशमी कुडता घालून खाली उतरतो, मोकळी जागा बघून टेकतो, फोटो काढतो. तेवढ्यात कॅनव्हासचे बूट घातलेले आजोबा समोर येऊन उभे राहतात.

“सरका जरा.”

“मी समोरच्या टॉवरमध्ये उतरलोय. पार्क फेसिंग.”

“असाल. ही जागा बुक आहे.”

“कधीपासून?”

“ब्याऐंशीपासून. आणि ते पलीकडे बसायचा विचार असेल तर तिथे प्रधान येतील सव्वासहाला.”