नाना म्हणतात, बसणार नाही

कर्जतजवळच्या कोंडाणे गावात कुणाचा कंप्युटर रखडला की नानांना बोलावणं जातं. नाना दुकानदार नाहीत, इंजिनिअर तर नाहीतच. कधीकाळी कर्जतला एमएस-सीआयटी केलं आणि पुढे लोकांची मशिनं फॉरमॅट मारत मारत हात बसला, एवढंच भांडवल. पावसाळ्यात दमट हवेने मशीन रुसलं की रॅम काढायची, सोनेरी कडेवरून शाळकरी खोडरबर फिरवायचा आणि परत लावायची, या उपायावर त्यांचं निम्मं नाव झालं. उरलेलं निम्मं झालं ते दोन शब्दांवर : "बसणार नाही."

हे म्हणताना नानांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते जेवणानंतरही दिसत नाही. कुणाचा तरी मुलगा ऑनलाइन सेलमध्ये पटकावलेली आठ जीबीची रॅम घेऊन येतो. नाना चष्मा कपाळावर चढवतात, पट्टी उजेडात धरतात, खाचेवर नखाने टकटक करतात. "डीडीआर फोर. पिना २८८. तुझ्या बोर्डावर डीडीआर थ्री, पिना २४०. बसणार नाही."

मुलगा हुशार. दुसऱ्या दिवशी मित्राकडून २४० पिनांची पट्टी आणतो. नाना ती हातातही घेत नाहीत. "ही डीडीआर टू. पिना तेवढ्याच, पण खाच सरकलेली. हिला १.८ व्होल्ट लागतात, तुझा बोर्ड देतो दीड. दाबून बसवलीस तर बोर्डाचे दिवस घालावे लागतील."

त्यांचा खरा पराभव एकदाच झाला, मास्तरांच्या प्रोसेसरपायी. मास्तर कर्जत लोकलने दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड, असे लॅमिंग्टन रोडला जाऊन आठव्या पिढीचा जुना आय-फाइव्ह घेऊन आले. "नाना, सॉकेट ११५१, बोर्डही ११५१. नंबर जुळवूनच घेतलाय!" नानांनी बोर्ड पाहिला, एच ११०. प्रोसेसर अलगद ठेवला. तो बसला! घरात टाळ्या पडल्या. नाना दोन क्षण खरोखर दुःखी दिसले. मग मशीन सुरू केलं; पंखा फिरला, पडदा काळाच. नानांचा चेहरा उजळला. "बसला हो, पण चालणार नाही. आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. सॉकेटचा नंबर तोच ठेवून कंपनीने गंमत केलीय." गंमत कंपनीने केली, पण मास्तर आठवडाभर नानांशीच बोलत नव्हते.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, नाना हातात घेऊन तोलतात. "५०० वॉट? हे स्टिकरचे वॉट आहेत." ग्राफिक कार्डवाल्यांना तर दारातच विचारतात, सहा पिनांची वायर आहे का आणि कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि नानांचा सुगीचा हंगाम सुरू झाला. ज्याला त्याला अकरा हवं. "टीपीएम २.० आहे? प्रोसेसर कितव्या पिढीचा? तिसऱ्या? मग घरी जा."

गावाजवळची, राजमाची किल्ल्याखालची लेणी बघायला आलेले ट्रेकर नानांना वाट विचारतात, तेव्हा मात्र त्यांची कळी खुलते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी लाकडी तुळया, जाळ्या, सज्जे यांची दगडात हुबेहूब नक्कल केली, ती ते कौतुकाने सांगतात. "एका कड्यातून कोरलंय. असेंबल केलेलं नाही. म्हणून बसलंय."

त्यांच्या स्वतःच्या मशीनचं झाकण कायम उघडं असतं. त्यात नवीन काही बसत नाही, असं ते अभिमानाने सांगतात.

"बसेल" हा शब्द त्यांच्या तोंडून निघतो तो फक्त साटा एसएसडीसाठी, तोही कर्ज फेडल्यासारखा, हळू आवाजात. पण तेवढं ऐकून ज्यांनी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी ती लावली, त्यांची दहा-बारा वर्षांची मशिनं पुन्हा धावायला लागली.

माणूस चिडका आहे, पण चुकत नाही, हीच त्यांच्याविषयी गावाची खरी तक्रार. तेव्हा काही मागवण्याआधी कॅबिनेट उघडा, बोर्डावरच्या नंबराचा आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो काढा आणि तुमच्या गावातल्या नानांना दाखवा. ते नाहीच म्हणतील. तेवढे पैसे वाचले असं समजा.